न पाहिलेल्या दरीची खंत

राहून गेलेल्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. एसटी डोळ्यांदेखत सुटली की चुटपुट लागते. ओळखीतला तरुण मुलगा अपघातात गेला की हळहळ वाटते. मुलीला हुशार असूनही पुढे शिकू दिले नाही, याची रुखरुख म्हातारपणापर्यंत पुरते. हातून कुणाचे वाईट झाले असेल तर पश्चात्ताप होतो. आमच्या घरांत याच्या जोडीला मलाल आणि अफसोस हे दोन शब्द आणखी असतात आणि कोणता कुठे वापरायचा हे जुनी माणसे न शिकवता जाणतात. भाषा एवढे शब्द उगाच साठवत नाही. ही दुःखे लोकांनी वेगवेगळी म्हणून भोगलेली असतात, म्हणूनच त्यांची नावे वेगवेगळी राहतात.

पण स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना मात्र आपण हा सगळा विवेक विसरतो आणि सगळे एकाच गाठोड्यात बांधतो. 'राहून गेले' एवढेच म्हणतो. चुकलेली गाडी, न केलेला प्रवास, न विचारलेला प्रश्न, न दिलेला हात, सारे एकाच सुरात. इथे एक प्रश्न उभा राहतो. राहून गेलेल्या गोष्टीचे दुःख हे नुसते दुःख असते, की त्यात आपले काही उत्तरदायित्वही असते? केलेल्या कृत्याचा जाब माणसाला द्यावा लागतो, हे सगळेच मानतात. न केलेल्या कृत्याचा जाब कुणी, कुणाला आणि किती द्यायचा?

या प्रश्नाचा विचार मला एका दूरच्या मुलखाच्या आधाराने करायचा आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला युटा आणि ॲरिझोना या राज्यांत कोलोरॅडो नदीने कोरलेला घळींचा आणि दऱ्यांचा वाळवंटी प्रदेश आहे. पाऊस अगदी थोडा, माती उघडी, खडक तांबडा. याच नदीवरची ग्रँड कॅनियन ही दरी नदीच्या मार्गाने ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि पावणेदोन किलोमीटरहून खोल आहे. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचे खडक १७० कोटी वर्षांच्याही आधीचे. तळाच्या त्या खडकांना भूवैज्ञानिक 'विष्णू' या नावाने ओळखतात, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला गंमत वाटते. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवदेवतांची नावे दिली, त्यातून हे नाव आले.

या मुलखात पायी चालणाऱ्याला एक अजब न्याय लागू होतो. डोंगर चढणारा माणूस ताजा असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. दम लागला, पाय भरून आले की शरीरच त्याला सांगते, आता परत फीर. दरीत हे उलटे असते. ताजेपणी उतार आणि थकल्यावर चढ. उतरताना सगळे सोपे वाटते. जसजसे खाली जावे तसतसे ऊन वाढते. उन्हाळ्यात तळाशी पारा ४० अंशांच्या पुढे जातो. परत फिरायचे तर ते शरीर तक्रार करत नसते तेव्हाच फिरावे लागते. काठावरून नदीपर्यंत आणि परत असा प्रवास एका दिवसात करू नका, विशेषतः मे ते सप्टेंबरमध्ये, असे उद्यानाचे अधिकारी पाट्या लावून सांगतात. तरीही दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना दरीतून सोडवून आणावे लागते. तिथला शहाणपणा असा की संकटाची खूण दिसण्याआधी निर्णय घ्यायचा असतो. आणि असा निर्णय घेणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही.

२०१९ सालच्या मे महिन्यात मी फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या भाच्याबरोबर तिथल्या ब्राइट एंजेल नावाच्या पायवाटेने उतरलो होतो. साडेसात किलोमीटरांच्या आत एक हिरवा टप्पा लागतो. कॉटनवुडची झाडे, वाहता ओहोळ, पिण्याच्या पाण्याचा नळ. तिथे बसून आम्ही डबा खाल्ला. भाचा म्हणाला, "मामू, नदी इथून जेमतेम पाच किलोमीटर राहिली. इथवर आलोच आहोत. तुम्ही पुन्हा कधी येणार?" मी त्याला घड्याळ बघायला सांगितले आणि मग वरचा काठ बघायला सांगितला. तो काही बोलला नाही. आम्ही परत फिरलो. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागला. निर्णय बरोबर होता, आजही बरोबरच वाटतो. माझे वय, ऊन, चढ, कशाचाही हिशेब केला तरी उत्तर तेच येते. तरीसुद्धा ती नदी जवळून पाहायची राहिली, हे मनातून जात नाही.

निर्णय बरोबर असेल तर खंत का वाटावी? सतराव्या शतकातला तत्त्ववेत्ता स्पिनोझा याच्या मते पश्चात्ताप हा सद्गुणच नव्हे. पस्तावणारा माणूस दुहेरी दुबळा असतो, एकदा कृत्यामुळे आणि एकदा त्याच्या दुःखामुळे. त्याच्या हिशेबाने बरोबर निर्णयानंतरची खंत तर निव्वळ मूर्खपणा ठरेल. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने मात्र १९६५ साली वेगळी बाजू मांडली. दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच करता येत असेल आणि माणसाने विचारपूर्वक एक निवडली असेल, तरी दुसरीचे मोल संपत नाही. ते शिल्लक राहते आणि त्या शिलकीची जाणीव खंतीच्या रूपाने उरते. त्याचा मुद्दा नैतिक कर्तव्यांच्या ओढाताणीविषयी होता, पण तो साध्या गोष्टींनाही लागू पडतो, असे मला वाटते. चुटपुट म्हणजे दोषाची कबुली नव्हे. जे सोडले ते मोलाचे होते, एवढीच तिची साक्ष असते. ज्याला काहीच सोडताना काही वाटत नाही, त्याने बहुधा काही नीट पाहिलेलेही नसते.

मात्र या चुटपुटीला तिच्या मापातच ठेवले पाहिजे. हल्ली 'मरण्यापूर्वी पाहायच्या शंभर जागा' अशा याद्या छापतात. जणू जग हे आपल्याला येणे असलेले कर्ज आहे आणि एकेक जागा न पाहणे म्हणजे एकेक हप्ता बुडणे. हा विचार मला पटत नाही. ती नदी माझी काही लागत नव्हती. ती मला दिसली नाही, यात कुणी माझ्यावर अन्याय केला नाही. चुटपुट लागणे माणूसपणाचे आहे. तिची तक्रार करणे नाही.

दुसरा प्रकार नशिबाचा. जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात उजवा हात गमावलेला माणूस. १८६९ च्या मे महिन्यात तो नऊ जणांना घेऊन चार होड्यांतून या अज्ञात नदीवर निघाला. एक जण लवकरच सोडून गेला. तीन महिन्यांनी, २८ ऑगस्टला, ग्रँड कॅनियनच्या खालच्या भागात एका भयंकर धबाबा पाण्याजवळ तिघांनी पुढे जायला नकार दिला. ओरामेल आणि सेनेका हे हाउलँड बंधू आणि विल्यम डन. अन्न जवळजवळ संपले होते, पुढे किती दरी उरली हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी पायी चढून पठारावर जाण्याचे ठरवले. निरोप कडवट नव्हता. दोन्ही बाजूंना वाटत होते की समोरचे मरणाकडे चालले आहेत. होडीवाले सहा जण दोनच दिवसांत सुखरूप दरीबाहेर आले. चढून गेलेले तिघे पठारावर मारले गेले. त्यांना कुणी मारले, याचा वाद अजून मिटलेला नाही.

या तिघांना इतिहासाने फार काळ पळपुटे ठरवले. पण जरा विचार करावा. त्या पाण्यात होड्या फुटल्या असत्या, तर हेच तिघे शहाणे ठरले असते आणि पॉवेलला आपण हेकट म्हटले असते. निर्णयाच्या क्षणी त्यांच्याजवळ जेवढी माहिती होती, तेवढीच होडीवाल्यांजवळ होती. निकाल नशिबाने लावला आणि आपण त्या निकालावरून माणसांचे मोल ठरवले. तिथल्या अरुंद घळींत पाणी कसे येते ते पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅनियनच्या खालच्या घळीत अकरा पर्यटक अचानक आलेल्या लोंढ्यात बुडाले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हे, काही मैल दूर पडला होता. अशा घळीच्या तोंडावरून जो माणूस आकाशाकडे पाहून मागे फिरतो आणि नंतर पूर येत नाही, तो आयुष्यभर म्हणत राहतो, उगाच परतलो. हुकले काय ते प्रत्येकाला कळते. टळले काय ते कुणालाच कळत नाही. खंतीच्या वहीत फक्त एकच बाजू लिहिलेली असते, म्हणून तिच्या बेरजेवर फार विश्वास ठेवू नये.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले की, ताज्या घटनांत माणसांना केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त असतो. आयुष्याकडे दुरून पाहताना मात्र न केलेल्या गोष्टी जास्त छळतात. त्याचे एक कारण उघड आहे. केलेल्या गोष्टीला शेवट असतो, तिचे परिणाम मोजता येतात. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. कल्पना तिला दरवर्षी थोडी अधिक सुंदर करत जाते. न पाहिलेली नदी कधी गढूळ नसते.

इथवर जे सांगितले त्यात दोष कुणाचाच नव्हता. योग्य निर्णयाची चुटपुट होती, नशिबाची हळहळ होती. आता तिसरा प्रकार, आणि तो खरा जड आहे.

ग्रँड कॅनियनच्या वरच्या अंगाला याच नदीवर ग्लेन कॅनियन नावाची दरी होती. हे नाव पॉवेलच्याच मोहिमेने दिलेले. ग्रँड कॅनियनसारखी ती उग्र नव्हती. नदी तिथे शांत वाहत असे, दोन्ही काठांना वालुकाश्माच्या उंच भिंती आणि त्यांतून आत शिरणाऱ्या शेकडो लहान घळी; त्यांत झरे, नेचे, कमानी, गुहांसारख्या प्रचंड पोकळ्या. १९५० च्या दशकात साध्या रबरी होड्यांतून शाळकरी मुले आणि कुटुंबेसुद्धा तिथून जात असत. त्याच काळात केंद्र सरकारच्या जलविभागाने कोलोरॅडो खोऱ्यात धरणांची मोठी योजना आखली. त्यातले एक धरण डायनासोर राष्ट्रीय स्मारकातल्या एको पार्क या जागी होणार होते. संरक्षित क्षेत्रात धरण होऊ दिले तर उद्या कोणतेच उद्यान सुरक्षित राहणार नाही, म्हणून सिएरा क्लब ही निसर्गरक्षक संस्था आणि तिचे कार्यकारी संचालक डेव्हिड ब्रॉवर यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. १९५३ पासून क्लबने सभासदांना होड्यांतून एको पार्कला नेले, चित्रपट काढला, वॉलेस स्टेग्नर यांच्या संपादनाखाली १९५५ साली पुस्तक काढले. लोकांनी ती जागा पाहिली आणि ती वाचली.

पण वाचवण्याची किंमत ठरली होती. एको पार्क वगळले तर बाकीच्या योजनेला विरोध नाही, अशी तडजोड झाली. बाकीच्या योजनेत ग्लेन कॅनियन होती. ती कोणत्याही संरक्षित क्षेत्रात मोडत नव्हती. क्लबच्या संचालक मंडळाने विरोध मागे घेतला आणि ११ एप्रिल १९५६ रोजी कायदा झाला. ब्रॉवर यांनी तोपर्यंत ग्लेन कॅनियन पाहिलेली नव्हती. ती त्यांनी पाहिली ती धरणाचे काम सुरू झाल्यावर. १३ मार्च १९६३ रोजी नदी अडवली गेली. त्याच वर्षी एलियट पोर्टर यांची छायाचित्रे असलेले एक पुस्तक क्लबने प्रसिद्ध केले. 'कुणालाच ठाऊक नसलेली जागा' अशा अर्थाचे त्याचे नाव होते. दरी भरायला १९८० उजाडले. सुमारे तीनशे किलोमीटर लांबीच्या त्या जलाशयाला, दैवाचा खेळ पाहा, पॉवेलचेच नाव मिळाले. ब्रॉवर २००० साली वारले. तोवर ही खंत त्यांनी कधी लपवली नाही आणि तिची जबाबदारी मंडळावर ढकलली नाही.

ब्रॉवर दोषी होते का? त्यांच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. काँग्रेसमध्ये धरणांच्या बाजूचे बळ मोठे होते. तडजोड केली नसती तर कदाचित दोन्ही दऱ्या गेल्या असत्या. कोरड्या राज्यांना पाणी आणि वीज हवी होती, ही गरज खोटी नव्हती. आणि जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष कसा द्यायचा?

याच शेवटच्या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. अज्ञान दोन प्रकारचे असते. हाउलँड बंधूंना पुढे किती दरी उरली हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्या अज्ञानाचा जाब विचारता येत नाही. ग्लेन कॅनियनचे अज्ञान थोड्या दिवसांच्या सोप्या प्रवासाने दूर होण्यासारखे होते. शिवाय, जागा वाचवायची तर आधी ती पाहावी आणि दाखवावी लागते, हे त्या मंडळींना इतरांपेक्षा चांगले ठाऊक होते; एको पार्कसाठी त्यांनी तेच केले होते. म्हणून मला वाटते, चूक तडजोडीत नसेलही. ती दरी पाहून, तिचे मोल समजून, जड मनाने तीच तडजोड कुणी केली असती, तर त्याच्याजवळ विल्यम्स म्हणतो तशी शिलकीची खंत उरली असती, दोष उरला नसता. दोष आहे तो न पाहता संमती देण्यात. राहून गेलेला प्रवास ही खासगी बाब असते. पण आपल्या एका होकारावर ती जागा बुडणार असेल, तेव्हा तोच प्रवास कर्तव्य बनतो. अशा वेळी तिथे न जाणे म्हणजे हुकलेली संधी नव्हे, टाळलेले कर्तव्य. त्यासाठी भाषेने चुटपुट नव्हे, पश्चात्ताप हा शब्द राखून ठेवला आहे.

पण मामला इथेच संपत नाही. त्या पुस्तकाच्या नावातला 'कुणालाच' हा शब्द मला बोचतो. ग्लेन कॅनियन कुणालाच ठाऊक नव्हती, हे खरे होते का? नवाहो आणि पायूट लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यांच्याही आधीच्या लोकांची घरे, धान्याची कोठारे, भिंतींवरची चित्रे तिथे होती. धरणाआधीच्या घाईच्या पाहणीत पुरातत्त्वज्ञांनी अशा शेकडो जागा नोंदवल्या. रेनबो ब्रिज ही दगडाची नैसर्गिक कमान नवाहोंना पवित्र आहे. जलाशयाचे पाणी तिच्या पायाशी आले आणि पर्यटकांच्या होड्या थेट तिथवर जाऊ लागल्या, तेव्हा नवाहो वडीलधाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९८० साली अपील न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. म्हणजे ज्यांना ठाऊक होते ते 'कुणी' या शब्दात बसत नव्हते, एवढेच. ज्यांना कधी मोजले गेले नाही अशा माणसांना हा अनुभव नवा नाही.

इथे आणखी एक भेद करावा लागतो. पर्यटकाचे 'राहून गेले' आणि रहिवाशाचे 'काढून घेतले' ही दोन वेगळी दुःखे आहेत. पर्यटकाच्या दुःखाची पुस्तके निघतात, छायाचित्रे निघतात. रहिवाशाचे दुःख निकालपत्राच्या एखाद्या परिच्छेदात संपते. मी ज्या हिरव्या टप्प्यावरून परत फिरलो, त्या जागेला तेव्हा 'इंडियन गार्डन' म्हणत. तिथे हावासुपाई लोक राहत आणि शेती करत. उद्यान झाल्यावर त्यांना हळूहळू बाहेर काढण्यात आले. शेवटचा रहिवासी १९२८ साली हटवला गेला. २०२२ साली त्या जागेचे नाव बदलून 'हावासुपाई गार्डन्स' करण्यात आले. नाव परत मिळाले, हे चांगले झाले. पण नदी न दिसल्याची माझी चुटपुट आणि घर गेलेल्या माणसाचे दुःख एकाच तराजूत घालण्याची हिंमत मला होत नाही.

मग पश्चात्तापाचा उपयोग काय? ब्रॉवर यांनी त्याचे नुसते गाऱ्हाणे केले नाही. १९६० च्या दशकात खुद्द ग्रँड कॅनियनमध्ये दोन धरणे बांधण्याचा बेत पुढे आला, तेव्हा त्यांनी कोणतीही तडजोड नाकारली. १९६६ साली वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, देशभर मत तयार केले. १९६८ च्या कायद्यातून दोन्ही धरणे वगळली गेली. हा पश्चात्ताप कामाला लागलेला होता आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

पण हिशेब पुरा करायचा तर पुढचेही सांगावे लागेल. त्याच १९६८ च्या कायद्याने कोलोरॅडोचे पाणी कालव्याने फिनिक्स आणि टूसॉन शहरांपर्यंत नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. पाणी चढवायला वीज हवी. ती धरणांऐवजी कोळशातून काढायचे ठरले. त्यासाठी नवाहो भूमीवर औष्णिक केंद्र उभे राहिले, कोळसा नवाहो आणि होपी लोकांच्या ब्लॅक मेसा या पठारातून आला. हे केंद्र २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धूर ओकत राहिले. जी दरी लोकांनी पाहिली होती ती वाचली, आणि बिल पुन्हा न पाहिलेल्यांच्या नावावर फाडले गेले. फिनिक्समध्ये आज कितीतरी मराठी घरे आहेत. माझ्या भाच्याच्या स्वयंपाकघरात नळ सोडला की येणाऱ्या पाण्यात या नदीचे पाणी असते. नवाहो भूमीवरच्या कित्येक घरांत मात्र आजही नळ नाही. पाणी गाडीतून भरून आणावे लागते. सरकारने त्यांच्यासाठी पाणी मिळवून देण्याच्या दृष्टीने पावले उचलावीत ही त्यांची मागणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. भाच्याने कुणाचे पाणी तोडलेले नाही. त्याला दोषी म्हणणे हास्यास्पद होईल. पण त्याचा काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. दोष आणि संबंध यांत अंतर आहे. संबंध मानणाऱ्याने निदान माहिती करून घ्यावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि आता एक विचित्र गोष्ट घडते आहे. २००० सालापासून कोलोरॅडो खोऱ्यात दीर्घ दुष्काळ आहे. १९२२ च्या करारात राज्यांनी नदीचे पाणी वाटून घेतले तेव्हा आधारासाठी धरलेली वर्षे जास्त पावसाची होती; नदीत होते त्यापेक्षा जास्त पाणी कागदावर वाटले गेले, आणि मूळच्या जमातींना त्या बैठकीला बोलावलेच नव्हते. परिणामी पॉवेल जलाशय आटत गेला. २००५ साली बुडालेल्या घळींतली 'कथीड्रल इन द डेझर्ट' ही प्रख्यात पोकळी काही काळ पुन्हा उघडी पडली. २०२३ च्या वसंतात जलाशय क्षमतेच्या पाव हिश्श्याहूनही खाली गेला. भिंतींवर पांढरा क्षारांचा पट्टा आहे, तळाशी गाळाचे थर आहेत; पण बाजूच्या घळींत ओहोळ गाळ कापून पुन्हा वाहू लागले, वाळुंज आणि कॉटनवुड उगवले. जे कायमचे हुकले असे मानले होते, तिथे लोक पुन्हा चालत जाऊन आले.

या परतीचा निर्भेळ आनंद मात्र होत नाही. दरी परत आली ती कुणाच्या पश्चात्तापाने नव्हे, दुष्काळाने. याच नदीवर सुमारे चार कोटी माणसे अवलंबून आहेत. आटलेल्या तळ्याकडे पाहून टाळ्या पिटणे हेही एक प्रकारचे न पाहणेच होईल. शिवाय दुसरी संधी मिळाली म्हणजे पहिली चूक पुसली जात नाही; फक्त तीच परीक्षा पुन्हा द्यायला मिळते. २००७ साली ठरलेल्या पाणीवाटपाच्या नियमांची मुदत २०२६ पर्यंतची. त्यानंतरचे नियम ठरवताना, पाणी आणि जमीन ज्यांची आधीपासून आहे त्या तीस जमातींना विचारले जाते की नाही, यावर ती परीक्षा अवलंबून आहे.

म्हणून मला वाटते, भाषेने केलेले भेद आपण आचरणातही पाळावेत. स्वतःच्या राहून गेलेल्या प्रवासाची चुटपुट जरूर बाळगावी. ती कुणाला त्रास देत नाही. नशिबाने जे हिरावले त्याची हळहळ करावी, पण तिच्यावरून कुणाला शहाणा वा वेडा ठरवू नये. पश्चात्ताप हा शब्द मात्र आपल्या होकाराने दुसऱ्याचे जे बुडाले त्याच्यासाठी ठेवावा, आणि तो कामाला लावावा. संमती देण्याचे प्रसंग मोठ्या माणसांवरच येतात असेही नाही. मोहल्ल्याच्या रस्तारुंदीला, सोसायटीच्या ठरावाला, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीला, घरातल्या मुलीच्या लग्नाला आपण सही करतो, मान डोलावतो. त्या वेळी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी तिथे जाऊन पाहिले आहे का? आणि ज्याचे तिथे काही आहे, त्याला विचारले आहे का? दोन्हींची उत्तरे 'हो' असूनही निर्णय चुकू शकतो. पण 'कुणालाच ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची वेळ तरी येणार नाही.